सोयाबीन माशाला चारायचं? मग हा इतिहास वाचा

नरसी म्हटलं की आधी नामदेव महाराज आठवतात, मग कयाधू. माळकऱ्यांच्या या गावात माशाचा विषय काढणं जरा विचित्रच. तरी काढतोय, कारण नरसीच्या शिवारात पावसाळ्यात जे पीक उभं असतं, त्याच सोयाबीनवर आज जगभरचे मासे पोसले जातात. भाव पडला की सल्ला येतो, "विकू नका, शेततळ्यात मासे सोडा अन् घरचं सोयाबीन चारा." सल्ला खोटा नाही, अर्धवट आहे. का, ते समजायला थोडं मागं जाऊ.

कटला, रोहू, मृगळ हे आपले तळ्यातले मासे. पण 1957 पर्यंत त्यांचं बीज पावसाळ्यात नद्यांतून पकडून आणावं लागायचं. कारण साधं होतं. हे मासे तळ्यात वाढायचे, पण विणायचे नाहीत. 10 जुलै 1957 ला ओडिशातल्या अंगुल इथं हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून बंद पाण्यात वीण घडवली. म्हणूनच 10 जुलै हा आपला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. तिथूनच पहिला धडा मिळतो: वाढ वेगळी, वीण वेगळी.

त्या काळात तळ्यातल्या माशाला काय घालायचे? शेंगदाण्याची ढेप अन् भाताचा कोंडा. म्हणजे वनस्पतीचं खाद्य आपल्याला नवं नाही. पण ते जोडखाद्य होतं. शेण-खत घातलेल्या मातीच्या तळ्यात शेवाळ, किडे, सूक्ष्म जीव मिळायचे, उरलेली कमी तिथं भरून निघायची.

आता जरा लांब, पेरूच्या समुद्राकडे. 1970 मध्ये तिथं अँकोव्हेटा नावाच्या छोट्या माशाची 1 कोटी 20 लाख टनांच्या वर पकड झाली. त्याची भुकटी जगभरच्या कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जायची. 1972 च्या एल निनोत पाणी तापलं, आधीच अति उपसलेला मासा कोसळला. सगळे सोयाबीनकडे धावले, भाव भडकले, आणि जून 1973 मध्ये अमेरिकेनं सोयाबीनची निर्यातच रोखली. घाबरलेल्या जपाननं ब्राझीलच्या माळरानावर सोयाबीन उभं करायला पैसा ओतला. पुढं मत्स्यशेती वाढली, मासळीची भुकटी पुरेना, तेव्हा माशाच्या ताटातही सोयाबीन आलं.

पण नुसतं ताट बदलून भागलं नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनं मोडतो. म्हणून कच्चा दाणा दळून तळ्यात टाकणं म्हणजे नुकसान. मासळीच्या तुलनेत त्यात मेथिओनिन कमी. त्यातला बराचसा फॉस्फरस माशाला पचत नाही, तो पाण्यात जातो, शेवाळ माजतं आणि पहाटे प्राणवायू घटतो. हे झालं वाढीचं. भाजलेली डीओसी, योग्य मिश्रण, थोडं खनिज मिश्रण वापरलं तर आपला रोहू त्यावर चांगला वाढतो.

विणीचं गणित अवघड. सोयाबीनमध्ये स्त्री-संप्रेरकासारखं वागणारे घटक असतात. 1990 च्या सुमारास फ्रान्समध्ये स्टर्जन माशांवर काम झालं. सोयाबीनयुक्त खाद्यावरच्या नरांच्या रक्तात अंड्यातला बलक बनवणारं प्रथिन सापडलं, जे एरवी मादीत असतं! प्रत्येक माशात असंच घडतं असं नाही, पण इशारा पुरेसा आहे.

दुसरी आपली ओळखीची सरकी. तिच्यात गॉसिपॉल असतं. सरकीचं कच्चं तेल खाणाऱ्या चीनमधल्या खेड्यांत पुरुषांना मुलं होईनात, त्यावरून 1970 च्या दशकात तिथं हजारो पुरुषांवर गर्भनिरोधक म्हणून त्याची चाचणी झाली. हीच ढेप विणीच्या माशाला भरपूर घालणं शहाणपणाचं नाही.

तिसरी गोष्ट तेलाची. अंडी सकस व्हायला ओमेगा-3 लागतं. करडईच्या तेलात ते जवळपास नाहीच, जवसात भरपूर. गोड्या पाण्यातले कार्प त्यातून काही प्रमाणात आपल्याला हवं ते बनवून घेतात. आपल्या शेतातून जवस मात्र कधीच हद्दपार झालं.

सरकारनं 2016 मध्ये 'मागेल त्याला शेततळे' आणलं. 2025 मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. चांगलंच झालं. पण आपली बरीच शेततळी प्लास्टिकच्या अस्तराची, तिथं मातीतून मिळणारा जोडआहार कमी. पोत्यात जे आहे तेच माशाच्या पोटात. म्हणून खाद्याकडे जास्त लक्ष हवं.

तेव्हा मित्रांनो, सोयाबीन जरूर चारा, पण भाजून, मिसळून, मोजून. आणि बोटुकली विकत घेताना फक्त भाव विचारू नका. "प्रजनक माशांना काय खाऊ घालता?" हेही विचारा. बियाणं घेताना आपण उगवणशक्ती विचारतो की नाही? मग माशाच्या बीजालाच वेगळा न्याय का?