सावड, सामाईक विहीर आणि सामायिक फोल्डर

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटेल की तत्त्वज्ञानाचा मास्तर संगणकाच्या तारांमध्ये कशाला अडकला. विषय आहे घरातले, दुकानातले, पतसंस्थेतले जुने संगणक एकमेकांशी जोडून त्यांच्यात फायलींची देवाणघेवाण कशी सुरू झाली, आणि ती आता बंद का पडत चालली आहे. विषय छोटा दिसतो. पण 'माझं', 'तुझं' आणि 'आपलं' या तीन शब्दांचा गुंता त्यात आहे, आणि तो गुंता तत्त्वज्ञानाच्या हद्दीतला आहे.

शिवाय निरगुडसरमध्ये बोलताना एक मोठी सोय आहे. इथे 'सावड' म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. तुझा एक बैल, माझा एक बैल, दोघांची मिळून जोडी. आज तुझं रान, उद्या माझं. इथे 'सामाईक विहीर' हा शब्दही पुस्तकात शोधावा लागत नाही, तो सातबाऱ्यावर असतो. विंडोजच्या मराठी अनुवादात फाइल 'शेअर' करण्याला 'सामायिक करणे' म्हणतात. ज्याने हा शब्द निवडला त्याला सातबारा आठवला होता की नाही, आम्हाला माहीत नाही. पण शब्द मोठा जबाबदारीचा निवडला गेला.

आधी जाळं म्हणजे काय ते पाहू. इथून जवळच, जुन्नर तालुक्यात खोडदला महादुर्बीण आहे, जीएमआरटी. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला तुमच्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या १६ तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. टोकाटोकांतलं अंतर २५ किलोमीटरपर्यंत जातं. एकेकटी तबकडी मोठी असूनही दुबळीच. पण प्रत्येकीला आलेला संदेश काचेच्या तंतूंवरून एका इमारतीत येतो, तिथे त्यांचा मेळ घातला जातो, आणि तीस मिळून एक दुर्बीण होते. गोविंद स्वरूपांनी हे स्वप्न पाहिलं आणि उभं केलं. जोडण्यातून नवं काहीतरी निर्माण होतं, याचं उदाहरण आपल्या शिवारातच आहे.

आता घरातल्या संगणकाकडे येऊ. १९९० च्या आसपास ज्यांच्याकडे संगणक होता, त्यांचं जाळं म्हणजे पाय. फ्लॉपी खिशात घालायची आणि चालत जायचं. साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मावत. पुढे गाण्यांच्या एमपीथ्री फायली आल्या. पाच मेगाबाइटचं एक गाणं न्यायचं तर चार फ्लॉप्या, त्यातली तिसरी हमखास खराब. १९९३ मध्ये एमएस-डॉस ६ आलं, त्यात 'इंटरलिंक' नावाची एक सोय होती: दोन संगणकांच्या पाठीमागे एक केबल खोचायची आणि एकाची डिस्क दुसऱ्यावर दिसायची. ही शुद्ध सावड. दोनच जण, तिसऱ्याला जागा नाही.

तिसऱ्याला जागा देणारी कल्पना तोवर वीस वर्षं जुनी झाली होती. मे १९७३ मध्ये अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी एक टिपण लिहिलं, आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत ते प्रत्यक्षात आणलं. त्याचं नाव इथरनेट. कल्पना साधी आहे. एकच तार, सगळे तिलाच जोडलेले. कुणालाही बोलायचं असेल तर आधी ऐकायचं. शांतता असेल तर बोलायचं. दोघे एकदम बोलले तर दोघांनी थांबायचं, आणि पुन्हा सुरू करताना प्रत्येकाने आपापल्या मनाने वेगवेगळा वेळ थांबायचं. सभापती नाही, घंटा नाही. ग्रामसभेत हे जमत नाही, तारेवर जमलं.

आपल्याकडे हे पहिल्यांदा आलं ते काळ्या गोल केबलच्या रूपात, टीव्हीच्या केबलसारख्या दिसणाऱ्या. एका तुकड्याची लांबी १८५ मीटरपर्यंत. दोन्ही टोकांना ५० ओमचं एकेक छोटं टोपण लावावं लागे. ते टोपण नसलं तर संदेश टोकावर आदळून परत येई आणि अख्खं जाळं बंद. आम्ही शिकवत होतो त्या महाविद्यालयात कोपऱ्यातलं टोपण झाडू मारताना निघालं, आणि अर्धा दिवस सगळे संगणकांवरच संशय घेत बसले. पुढे निळ्या-करड्या तारा आणि मध्ये हब आला. मग एक तार तुटली तरी एकच घर अंधारात जाऊ लागलं.

पण तार म्हणजे फक्त रस्ता. रस्ता झाला म्हणून दार उघडत नाही. "तुझ्या कपाटातला तो कागद दे" हे म्हणायचं कसं, याची एक भाषा लागते. ती १९८० च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फाइगेनबाम यांनी रचली. पुढे तिला एसएमबी हे नाव रूढ झालं. मायक्रोसॉफ्टने ती उचलली, वाढवली. १९९२ मध्ये 'विंडोज फॉर वर्कग्रुप्स' आलं आणि २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५. त्याच्या पडद्यावर एक चित्र होतं, 'नेटवर्क नेबरहूड', म्हणजे शेजार.

या शेजारात खरी क्रांती होती, आणि ती कुणी फारशी साजरी केली नाही. तोवरच्या कार्यालयांत वाड्याची पद्धत होती: एक मोठा संगणक मालक, बाकीचे त्याच्या ओसरीवर. विंडोज ९५ ने साध्या घरगुती यंत्रांना सांगितलं की तुम्ही सगळे एकमेकांचे शेजारी आहात, ज्याला जे द्यायचं ते त्याने द्यावं. वाडा गेला, आळी आली.

आणि आळी आली की निवडणूक आलीच! हे थट्टेने म्हणत नाही, ती व्यवस्था खरंच 'इलेक्शन' नावाने ओळखली जाते. शेजारात कोण कोण आहे याची यादी एका संगणकाने ठेवायची. कुणी ठेवायची हे ते आपापसांत ठरवत. कसोटी काय? ज्याची प्रणाली वरच्या दर्जाची आणि नवी तो श्रेष्ठ. तिथेही बरोबरी झाली तर जो जास्त वेळ चालू आहे तो. जुन्या यंत्राने माघार घ्यायची. एखादा संगणक निरोप न देता बंद झाला, तर त्याचं नाव यादीतून जायला अर्धा तास सहज लागे. मतदार याद्यांशी साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा.

आता विहिरीकडे या. सामाईक विहिरीत चार आणे हिस्सा असतो, दोन आणे असतो. हिस्सा वाढला की पाणी वाटलं जातं, कमी होतं. फाइल तशी नाही. तुम्ही ती दहा जणांना दिली तरी तुमच्याकडची जशीच्या तशी राहते. न्यायशास्त्राच्या भाषेत म्हणायचं तर फायलीची प्रत ही व्यक्ती आणि फाइल ही जणू जाती. गाई कितीही झाल्या तरी गोत्व वाटलं जात नाही. हे ऐकून वाटेल की मग भांडणाला जागाच नाही. पण जागा आहे. वाचायला दहा जण चालतात, लिहायला चालत नाहीत. दोघांनी एकाच वेळी एकाच हिशेबात आकडा बदलला तर नंतर जतन करणारा आधीच्याचं काम पुसून टाकतो, आणि त्याला ते कळतही नाही. म्हणून एसएमबीच्या भाषेत कुलपाची सोय आहे: एक लिहीत असताना दुसऱ्याला "फाइल वापरात आहे" असं उत्तर येतं. म्हणजे पुन्हा पाण्याची पाळी आलीच. सामाईक म्हटलं की पाळी पाळावी लागते.

परवानगीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये फोल्डरला पासवर्ड लावता येई: एक फक्त वाचण्यासाठी, एक लिहिण्यासाठी. २००० मध्ये उघड झालं की या कुलपात एक गंमत आहे. पासवर्ड किती अक्षरांचा तपासायचा हे दार ठोठावणाराच सांगू शकत होता. तो म्हणाला एकच अक्षर तपासा, की यंत्र पहिलं अक्षर तपासून दार उघडी. ही व्यवस्था रचणाऱ्यांनी शेजारी हा घरातलाच माणूस धरला होता. आळीपुरतं ते ठीक होतं. पण त्याच यंत्रांना दरम्यान फोनच्या तारेने बाहेरचं जगही जोडलं गेलं होतं.

इथे एका माणसाची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या विद्यापीठातले अँड्र्यू ट्रिजेल. १९९१-९२ मध्ये त्यांना वेगळ्या जातकुळीच्या संगणकांमध्ये फायली हलवायच्या होत्या. पलीकडच्या यंत्राची भाषा छापील स्वरूपात हाताशी नव्हती. त्यांनी काय केलं? तारेवरून जाणारे संदेश नुसते पाहिले. एकाने काय मागितलं, दुसऱ्याने काय दिलं. मागण्यात थोडा बदल केला तर देण्यात काय बदलतं. ते स्वतः याला परक्या देशातल्या उपाहारगृहात बसून भाषा शिकण्याची उपमा देतात. आमच्या मीमांसकांनी याला फार पूर्वी नाव दिलं आहे, वृद्धव्यवहार. थोरला म्हणतो "गाय आण", धाकटा आणतो. "गाय बांध", तो बांधतो. "घोडा आण", दुसरंच जनावर येतं. बाजूला बसलेलं मूल कुणी न शिकवता कोणता शब्द कशाचा हे वेगळं काढतं. शब्द घालून-काढून पाहण्याच्या या रीतीला आवाप-उद्वाप म्हणतात. ट्रिजेल यांनी यंत्रांच्या बाबतीत नेमकं तेच केलं. त्यातून 'सांबा' ही मोफत, खुली प्रणाली झाली. एस, एम, बी ही अक्षरं क्रमाने येणारे शब्द त्यांनी शब्दकोशात शोधले आणि त्यातून हे नाव निवडलं. पुढे युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ही भाषा इतरांना उघड करायला सांगितलं, २००७ मध्ये न्यायालयाने ते उचलून धरलं. दोन यंत्रांमधलं बोलणं ही कुणाची खासगी मालमत्ता असावी का, हा प्रश्न तिथे होता.

आपल्याकडे मात्र भाषेचा दुसराच प्रश्न होता. फाइल येई, पण वाचता येत नसे. आधी नावाचंच पाहा. डॉसमध्ये नावाला आठच अक्षरं, तीही रोमन. 'ग्रामसभा' रोमनमध्ये लिहायला नऊ लागतात! विंडोज ९५ ने लांब नाव चालवलं, पण जुन्या डॉस प्रोग्रॅमला ते पहिली सहा अक्षरं, लाटेसारखी एक खूण आणि १ हा आकडा, असं दिसे. आणि आतला मजकूर? संगणकात अक्षर नसतं, आकडा असतो. कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर हे फॉन्ट ठरवतो. प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्ड दिलं, १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक झालं, त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीही आली. पण छपाईच्या धंद्यात ज्याचा त्याचा फॉन्टच चालला. या संगणकावरचा लग्नपत्रिकेचा मजकूर शेजारच्या संगणकावर उघडला की काना-मात्रांचा चिवडा. तार होती, परवानगी होती, कुलूप उघडं होतं, आणि शेजारी एकमेकांना निरक्षर होते. विंडोज २००० पासून युनिकोड मराठी प्रणालीतच आलं. पण विंडोज ९८ च्या यंत्रावर ती फाइल नेली की चौकोनी डब्यांच्या रांगा. मराठी माणसाचं घरगुती जाळं नीट न रुजण्याचं कारण आमच्या मते तारेपेक्षा हेच जास्त.

सहकाराच्या मुलखात एक मोठा प्रयोगही झाला. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातली, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावं संगणकांनी जोडण्याची योजना आली. तात्यासाहेब कोऱ्यांनी उभ्या केलेल्या वारणेच्या सहकाराचा तिला आधार होता. बोलबाला मोठा झाला. प्रत्यक्षात गावातला संगणक बहुतेक करून ऊसनोंदीच्या कामाला राहिला. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस बसवून पाहिला. त्या कामाला तो पुरला. यावरून 'खेड्याला संगणक नको' असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल. गाव कारखान्याला जोडलं गेलं, गावं एकमेकांना जोडली गेली नाहीत. तो वाडा होता, आळी नव्हती.

आता शेवटाकडे. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. दोन-तीन दिवसांत दीडशेच्या आसपास देशांत, दोन लाखांहून जास्त संगणक. ब्रिटनमधली सरकारी रुग्णालयं ठप्प झाली. तो शिरला एसएमबीच्या पहिल्या, जुन्या आवृत्तीतल्या भोकातून. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या विंडोज १० मध्ये नव्याने बसवताना ही जुनी आवृत्ती घालणं बंद झालं. निर्णय योग्यच. पण विंडोज ९८ आणि एक्सपी यांना तेवढी एकच भाषा येते. त्यामुळे एके दिवशी नव्या यंत्राने जुन्याला ओळख दाखवायचं थांबवलं. तार शाबूत, दोघेही चालू, आणि बोलणं बंद.

या पट्ट्यात दूध संस्था आहेत, पतसंस्था आहेत, डीटीपीची दुकानं आहेत. कोपऱ्यात, पोत्याखाली, एखादा एक्सपीचा डबा असतोच. त्यात सभासदांच्या याद्या आहेत, यात्रेचे हिशेब आहेत, कुणाच्या तरी आजोबांच्या आठवणी टाइप केलेल्या आहेत. जुनी आवृत्ती नव्या यंत्रावर परत चालू करा, असं कुणी सुचवेल. इंटरनेटला जोडलेल्या यंत्रावर ते करू नका. डबा इंटरनेटपासून तोडा, त्यातली हार्ड डिस्क काढा, बाजारात मिळणाऱ्या यूएसबी जोडणीने नव्या यंत्राला लावा आणि सगळं उतरवून घ्या. उतरवताना फक्त मजकूर घेऊ नका, विंडोजच्या फोल्डरमधला 'फॉन्ट्स' हा फोल्डरही अख्खा घ्या. तो नसेल तर हाती चिवडा येईल. आणि डिस्कवर कागद चिकटवून कोणत्या फॉन्टमध्ये काय आहे ते पेनाने लिहून ठेवा.