रमा: लक्ष्मीचं नाव, पण अनेकींना सासरी मिळालेलं

गणपतीपुळ्याला समुद्रकिनारी असलेल्या गणपती मंदिराच्या इतिहासात पेशव्यांच्या घरातली दोन नावं हमखास येतात. नानासाहेब पेशव्यांनी इथे नंदादीपाची सोय केली आणि त्यांच्या सूनबाई, थोरल्या माधवरावांच्या पत्नी रमाबाई यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली, असं सांगितलं जातं. रमा-माधव ही जोडी कादंबरी, मालिका आणि 2014 च्या चित्रपटामुळे सगळ्यांना माहीत आहे. पण ‘रमा’ या नावाची गोष्ट या जोडीपेक्षा बरीच मोठी आहे.

मुळात हा शब्द संस्कृतमधल्या ‘रम्’ या धातूपासून आला. मन रमणं, रम्य, रमणीय, आराम, इतकंच काय विराम हे शब्दही त्याच धातूचे. रामाचं नावही तिथूनच आलेलं. रमा म्हणजे रमवणारी, आनंद देणारी. पुराणांत हे लक्ष्मीचं नाव आहे. दिवाळीच्या तोंडावर, वसुबारसेच्या आदल्या दिवशी येणारी आश्विन वद्य एकादशी ‘रमा एकादशी’ म्हणूनच ओळखली जाते. ‘मा’ म्हणजेही लक्ष्मी आणि ‘धव’ म्हणजे पती. म्हणजे माधवाची बायको रमा हे नावांच्या हिशेबात अगदी चपखल. रमेश, रमाकांत, रमापती या पुरुषी नावांतही तीच बसली आहे. गल्लोगल्ली रमेश सापडतात, त्यांच्या नावातली रमा मात्र कुणाच्या लक्षात येत नाही!

आता थोडं लग्नघरात जाऊ. पूर्वी अनेक मराठी घरांत लग्न लागलं की लक्ष्मीपूजन होई आणि नवरा ताटात पसरलेल्या तांदळावर सोन्याच्या अंगठीने बायकोचं नवं नाव लिही. मग साखर वाटली जाई. नवी सून म्हणजे घराची लक्ष्मी, त्यामुळे लक्ष्मीची नावं या ताटात शोभून दिसत. माहेरची नावं अनेकदा नद्यांची असत: यमुना, गोदा, तापी. लोकमान्य टिळकांच्या पत्नी माहेरच्या तापी, सासरी सत्यभामा झाल्या. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना.

अशीच आणखी एक यमुना कुर्लेकरांची. 1873 मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, तिचं लग्न तिच्याहून वीस वर्षांनी मोठ्या महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं आणि ती रमा झाली. नाव बदलताना तिला कुणी विचारलं असेल, असा तो काळ नव्हता. पुढे याच रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभं केलं आणि 1910 मध्ये ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ हे पुस्तक लिहिलं. सासरी मिळालेलं ते नाव आज त्यांच्या स्वतःच्या कामामुळे ओळखलं जातं.

त्याच पुण्यात 1882 मध्ये दुसऱ्या रमाबाई आल्या. 1858 मध्ये जन्मलेल्या पंडिता रमाबाई डोंगरे. त्यांचं नाव माहेरचंच राहिलं. त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला, त्यात रमाबाई रानडेही होत्या. तेव्हाच्या पुण्यात ‘रमाबाई’ म्हटल्यावर कोणती, हे विचारावं लागत असेल.

पण आज महाराष्ट्रात हे नाव सर्वांत जास्त ज्यांच्यामुळे घेतलं जातं त्या रमाबाई रत्नागिरी जिल्ह्यातल्याच. गणपतीपुळ्याहून उत्तरेला निघालं की जयगड-तवसाळ आणि धोपावे-दाभोळ अशा दोन फेरीबोटी ओलांडून दापोली तालुका लागतो. तिथलं वणंद हे रमाबाई आंबेडकरांचं माहेर. जन्म 7 फेब्रुवारी 1898. वडील दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. आईवडील लवकर गेले, मुलं मुंबईला मामा-काकांकडे आली आणि भायखळ्याच्या बाजारात रात्री हिचं लग्न भीमरावांशी लागलं. माहेरची ‘रामी’ सासरी ‘रमा’ झाली. बाबासाहेब मात्र तिला ‘रामू’ म्हणत. ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेतही त्यांनी हेच घरगुती नाव छापलं.

लक्ष्मीचं नाव धारण केलेल्या या बाईच्या वाट्याला पैशाची चणचणच जास्त आली. पती परदेशी शिकत असताना तिने घर ओढलं, चार मुलं गमावली. 27 मे 1935 रोजी दादरच्या ‘राजगृहा’त तिचं निधन झालं. लोकांनी मग नावातच आई जोडली आणि ‘रमाई’ हे नवं रूप तयार झालं. हे रूप ना पुराणात आहे, ना तांदळाच्या ताटात. आता तेच सरकारी कागदावरही आलं आहे: अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांना घर मिळवून देणाऱ्या राज्याच्या योजनेचं नाव ‘रमाई आवास’. घाटकोपरची वस्तीही त्यांच्याच नावाची.

लग्नात नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. अंगठीचा विधी काही घरांत अजून होतो, पण कित्येकदा ताटात मुलीचं मूळ नावच लिहिलं जातं. रमा हे नावही मधल्या काळात आजीच्या पिढीचं वाटू लागलं होतं. ‘मुरांबा’ आणि ‘रमा राघव’ या मालिकांच्या नायिकांमुळे ते पुन्हा घराघरांत ऐकू येऊ लागलं.