कंपायलर हात टेकतो तेव्हा

मंडळी, माजलगावात आज कंपायलरचा इतिहास कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. कारण साधं आहे. इथली पोरं आता सी भाषेत प्रोग्रॅम लिहितात. तो यंत्राच्या भाषेत उतरवताना पडद्यावर 'इंटर्नल कंपायलर एरर' आलं की आपलंच चुकलं म्हणून गप्प बसतात. जीसीसी या कंपायलरची माहितीपुस्तिका मात्र स्पष्ट सांगते की प्रोग्रॅम कसाही असो, अगदी चुकीचा असो, कंपायलर कोसळला तर दोष कंपायलरचाच.

हा दोष पुष्कळदा ऑप्टिमायझेशनमधून, म्हणजे कोड वेगवान करण्याच्या खटपटीतून येतो. ही खटपट जुनी आहे. १९५७ मध्ये जॉन बॅकस यांच्या चमूने आयबीएम ७०४ साठी फोर्ट्रान आणली, तेव्हा त्यांना धास्ती एकच होती: हाताने लिहिलेल्या कोडच्या तोडीचा वेग आला नाही, तर हे कोण वापरणार?

१९७९ मध्ये मोरेल आणि रेनव्हॉइस यांनी एक सुंदर युक्ती मांडली. समजा, गावात दोन रस्ते येतात. एका रस्त्याने येणाऱ्यांनी जकात भरलेली आहे, दुसऱ्याने येणाऱ्यांनी नाही. मग वेशीवर सगळ्यांना पुन्हा अडवायचं कशाला? दुसऱ्या रस्त्यावर नाका बसवा. आकडेमोडीचंही तसंच. आपल्या मुंबईच्या आयआयटीतले प्रा. धनंजय ढमढेरे यांनी ही पद्धत सोपी केली. नाका चौकातच हवा असं नाही, दोन चौकांच्या मधल्या रस्त्यावरही बसवता येतो, हे त्यांनी १९८८ मध्ये दाखवलं. पुढे उदय खेडकर यांनी त्यांच्यासोबत याचं सिद्धांतन केलं आणि आयआयटीत जीसीसीच्या अभ्यासाचं मोठं काम उभं केलं. हे मराठीत फारसं सांगितलं जात नाही, याची आम्हाला खंत वाटते.

आता बघा, नाका हलवणं हे अनुमान आहे: 'मधल्या वाटेत किंमत बदलत नाही.' धुरावरून अग्नी ओळखता येतो. पण अग्नी आहे म्हणून धूर असणारच, असं म्हणाल तर फसाल. ओल्या सरपणाची अट तिथे लपलेली असते. नैयायिक तिला उपाधी म्हणतात. ऑप्टिमायझेशन लिहिणाऱ्याच्या नजरेतून अशी उपाधी सुटते, कंपायलरच्या आतल्या तपासणीला विसंगती दिसते आणि तो हात टेकतो.

आम्ही याला प्रामाणिकपणा म्हणू. २०११ मध्ये यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी सीस्मिथ नावाच्या साधनाने यदृच्छ प्रोग्रॅम तयार करून कंपायलरांत सव्वातीनशेहून अधिक दोष शोधले. त्यांतले कित्येक मुके होते: कोड बिनतक्रार तयार, उत्तर चुकीचं. खरं भय त्याचं.

मग मार्ग काय? आधी 'ओ-टू'च्या जागी 'ओ-झिरो' देऊन पाहायचं. एरर गेली तर दोष ऑप्टिमायझेशनच्या वाटेवर आहे, एवढं कळतं. पण सगळ्याच प्रोग्रॅमचा वेग घालवू नका. अडणारं फंक्शन वेगळ्या फाइलीत काढा आणि तिथेच ऑप्टिमायझेशन उतरवा. एकेक सुधारणा बंद करून दोषी कोण ते शोधा. कधी लांब फंक्शनचे दोन तुकडे केले तरी भागतं. चाचण्या मात्र पुन्हा चालवायच्याच. आणि शेजारी लिहून ठेवा: कंपायलरची आवृत्ती कोणती, अडलं कुठे, कळवलं का. नाहीतर कंपायलर कधीच दुरुस्त होतो, ती बंद केलेली ओळ मात्र वर्षानुवर्षं तशीच राहते, आणि काढायला कोणी धजावत नाही.