अळीच्या कपाळावरचे अक्षर

माणसाचे कपाळ वाचणारे पुष्कळ, अळीचे वाचणारा एखादाच. पण हंगामाचे भवितव्य या दुसऱ्याच्याच हाती असते.

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीचाच इतिहास पाहा. अमेरिकेतील जॉर्जियात राहून जॉन ॲबट या चित्रकाराने कीटकांची चित्रे काढली. ती १७९७ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाली आणि जेम्स एडवर्ड स्मिथने या अळीला शास्त्रीय नाव दिले. प्राण्यांना दोन शब्दांचे नाव देण्याची रीत १७५८ साली लिनियसने घालून दिली होती आणि त्याचाच संग्रह या स्मिथने विकत घेतला होता. हीच अळी २०१६ साली आफ्रिकेत दिसली, मे २०१८ मध्ये कर्नाटकात आली आणि त्याच वर्षी आमच्या सोलापूर जिल्ह्यातील मक्यावर उतरली.

आमच्या करकंबच्या शेतकऱ्याला पोंग्यातली अळी काही नवी नाही. पण ही निराळी, हे कशावरून ओळखावे? डोक्यावर इंग्रजी 'वाय' अक्षर उलटे आणि शेपटाकडे चौकोनात चार काळे ठिपके, ही तिची खूण. मात्र अळी लहान असताना ती नीट दिसत नाही आणि ओळख चुकली की औषधही चुकते. कीटकशास्त्रज्ञ काही बांधाबांधावर उभा नसतो.

ही उणीव भरून काढायला संगणक पुढे आला. १९९० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये 'डेझी' नावाची यंत्रणा पंखांच्या चित्रांवरून कीटक ओळखू लागली. पुढे मुंबईच्या वाधवानी संस्थेने कपाशीच्या कामगंध सापळ्यांतील बोंडअळीचे पतंग छायाचित्रावरून मोजण्याची सोय केली. १५ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र सरकारची राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली सुरू झाली. तिच्यात शेतकऱ्याने मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रावरून कीड ओळखली जाते.

यंत्र हे शिकते कसे? मला मास्तराला ती रीत परिचयाची वाटते. पोराला अक्षराची व्याख्या सांगून अक्षर येत नाही, पुनःपुन्हा दाखवावे लागते. यंत्रालाही जाणकारांनी नावे लिहिलेली हजारो चित्रे दाखवतात आणि त्यांतून ते आपल्या खुणा आपणच शोधते. म्हणून शिकवणाऱ्याने नाव चुकीचे लिहिले, तर यंत्र तेच घोकते. कधी न दाखवलेली कीड समोर आली, तर ते तिला एखाद्या ओळखीच्या किडीचेच नाव देऊन मोकळे होते.

ॲबटचा कुंचला मागे पडून मोबाइल आला, तरी चित्राखाली पहिले नाव लिहायला डोळस माणूसच लागतो. तो आपल्या घरांतून, शाळांतूनच घडायचा. तेव्हा वाचकहो, या दिवाळीत दिव्याभोवती जमणाऱ्या कीटकांपैकी निदान दोघांची तरी नावे मुलांना सांगा. येत नसतील तर त्यांच्याबरोबर शोधा!