वाडीचे उपनगर झाले तेव्हा

आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे पावसाळी पीक निघाल्यावर ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात. पोटामागे गाव सोडणे धानोऱ्याच्या परिसरास नवे नाही. परंतु माणसे जेथे जाऊन स्थिरावतात, त्या गावाचे पुढे काय होते? मराठी कॅथॉलिक समाजाच्या इतिहासात या प्रश्नाचे सर्वांत ठळक उत्तर वसईत सापडते.

इ. स. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये ती मराठ्यांनी जिंकली, पुढे इंग्रज आले. राज्ये बदलली, तरी शेतकऱ्याचे जीवन विहिरीभोवतीच फिरत राहिले. केळी, पानवेली, भाजीपाला आणि फुले हे त्याचे धन. रोख पैसा मात्र दुर्मीळ. १९१८ साली स्थापन झालेल्या बॅसीन कॅथॉलिक बँकेचे मोल त्या काळाच्या संदर्भातच ध्यानी येते. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत पोहोचली. वाडीतील माल मुंबईच्या बाजारी जाऊ लागला आणि शिकलेले तरुण कचेऱ्यांतून नोकऱ्या करू लागले. तरीही घर वाडीतच होते. पगार हा शेतीला जोड होता.

खरे स्थित्यंतर त्यानंतरचे. मुंबईत घर घेणे आवाक्याबाहेर गेलेला कामगार व मध्यमवर्ग उत्तरेकडे सरकला. १९९० साली सिडकोकडे या भागाचे नियोजन आले. २००९ साली चार नगरपालिका व आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर भरली. पिकावर जोखली जाणारी जमीन आता चौरस फुटांवर मोजली जाऊ लागली. जी जमीन दरवर्षी थोडे देत असे, तिने एकदाच पुष्कळ दिले आणि ती निघून गेली. टँकरने पाणी विकले गेले, विहिरी खालावल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसईची चळवळ या वेदनेतूनच उभी राहिली.

या बदलाने केवळ हानी केली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिक्षण वाढले, मुली शिक्षिका व परिचारिका झाल्या, सावकाराचे भय सरले. मात्र एकाच धर्मग्रामात जमीन विकून सधन झालेले घर, मासिक पगारावरचे घर आणि भाड्याच्या खोलीतील घर शेजारी आले. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हा त्याच्या पुढे वाडीतील जुने भाविक होते, तसेच कोकणी, मल्याळम वा तमिळ बोलणारे नवे भाविकही होते.

आमच्या मते, उपनगरातील धर्मग्रामाची कसोटी येथेच आहे. जुन्या कुटुंबांची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत पिढ्यान्‌पिढ्या असते. भाडेकरूची नोंद कोणी दार ठोठावल्याखेरीज होत नाही. जुन्यांची भाषा व भूमी राखणे हे कर्तव्यच. परंतु त्या कर्तव्याच्या आड नव्यांना परके ठरवणे शुभवर्तमानास मान्य नाही. नंदुरबारचा ऊसतोड कामगार गुजरातेत परकाच असतो. तेथे त्याचे स्वागत व्हावे असे आम्हांस वाटत असेल, तर आमच्या वस्तीत उद्या येणाऱ्या बिऱ्हाडासाठीही मंदिराच्या बाकावर आजच जागा करावी लागेल.