दिवाळे निघाल्यानंतर

'दिवाळे' या शब्दाचा संबंध दिव्याशी जोडतात. देणी भागेनाशी झाली की व्यापारी भरदिवसा पेढीवर दिवा लावून बसे, अशी परंपरा सांगतात. तो दिवा म्हणजे जाहीर कबुली होती. परंतु कबुलीने कर्ज फिटत नसे. सावकार दारात धरणे धरी. कंपनी सरकारच्या अंमलात तर धनको ऋणकोस दिवाणी तुरुंगात टाकवू शके. मात्र कोंडलेला मनुष्य कमावणार काय आणि फेडणार काय?

1828 साली ब्रिटिश पार्लमेंटने कलकत्ता, मद्रास व मुंबई येथे नादारांसाठी न्यायालयांची तरतूद केली. 1865 मध्ये अमेरिकेतील यादवी संपली, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईच्या शेअरबाजारात इतक्या पेढ्या बुडाल्या, की त्याच वर्षी खास कायदा करावा लागला. पुढे या तीन शहरांसाठी 1909 चा व इतर प्रांतांसाठी 1920 चा कायदा झाला.

या कायद्यांनी नादार ठरलेल्याची मालमत्ता त्याच्या हातून काढून सरकारी अधिकाऱ्याकडे दिली. मुंबईत त्यास ऑफिशियल असायनी म्हणत, मुफसलात रिसीव्हर. तो मालमत्ता विकून पैसा धनकोंत प्रमाणशीर वाटी. जो आधी धावला त्याने सर्व न्यावे, ही जुनी रीत संपली. मात्र धंद्याची हत्यारे, कपडे, अंथरूण-पांघरूण व स्वयंपाकाची भांडी ऋणकोकडेच राहत. 1909 च्या कायद्यात या सर्वांची मर्यादा 300 रुपये होती.

तथापि मुक्तता आपोआप मिळत नसे. ऋणकोने अर्ज करावा, न्यायालयाने त्याची चौकशी करावी, असा क्रम होता. मागील तीन वर्षांच्या हिशेबवह्या ठेवल्या नसतील किंवा पैसा जुगारात उडवला असेल, तर मुक्तता नाकारली वा लांबवली जाई. तोवर आपली स्थिती न सांगता 50 रुपये उधार घेणे हाही गुन्हा होता. मुक्त न झालेल्या नादारास संसदेचे व विधिमंडळाचे सदस्यत्व संविधानानेही नाकारले आहे.

मुक्ततेचा हुकूम झाला, की बहुतेक जुन्या देण्यांचे ओझे उतरे. परंतु लबाडीने केलेले कर्ज आणि सरकारचे देणे मात्र सुटत नसे. 2016 च्या नव्या संहितेनेही प्रामाणिक ऋणकोस नव्याने उभे राहू देण्याचे तत्त्व कायम ठेवले आहे. पेढीवरच्या जुन्या दिव्याने केवळ अपयश दिसे. कायद्याने त्याच्याशेजारी हिशेबाची वही उघडून ठेवली आणि ती खरी असेल, तर माणसाला पुन्हा पेढीवर बसण्याची वाट मोकळी केली.