रेडिओ स्रोतांची गणना आणि सांख्यिकी पद्धतींचा विकास : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
विश्वाला आरंभ आहे की ते सर्व काळी सारखेच आहे, हा प्रश्न एकेकाळी रेडिओ स्रोतांच्या मोजणीवर येऊन ठेपला होता. प्रस्तुत निबंधात १९५५ ते १९७० या काळातील त्या वादाचा सांख्यिकीच्या दृष्टीने आढावा घेतला आहे.

गणनेचे तत्त्व :
स्रोत अवकाशात सर्वत्र सारखे विखुरलेले असतील, तर त्यांची संख्या अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणून विशिष्ट तीव्रतेहून प्रखर स्रोतांची संख्या व ती तीव्रता यांच्या लॉगॅरिदमिक आलेखाचा उतार –१.५ यावयास हवा. प्रसरण पावणाऱ्या स्थिर स्थिती विश्वात तो याहूनही सौम्य असावा.

वादाचे स्वरूप :
केंब्रिज येथील मार्टिन राईल यांच्या गटाने १९५५ मध्ये १,९३६ स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. तिचा उतार सुमारे –३ होता. क्षीण, म्हणजेच दूरचे व पूर्वकालीन स्रोत अपेक्षेहून अधिक असल्याने स्थिर स्थिती सिद्धान्त टिकत नाही, असे राईल यांनी मांडले. परंतु सिडनी येथील मिल्स व स्ली यांच्या १९५७ च्या निरीक्षणांशी ही यादी बहुतांशी जुळेना. दुर्बिणीच्या रुंद झोतात अनेक क्षीण स्रोत मिसळून एकच प्रखर स्रोत भासत होता. पुढे सुधारित सर्वेक्षणातून १९६१ मध्ये –१.८ हा उतार मिळाला. त्याच वर्षी फ्रेड हॉईल व त्यांचे विद्यार्थी जयंत नारळीकर यांनी, स्रोतांचे वितरण मोठ्या प्रमाणावर असमान मानल्यास स्थिर स्थिती विश्वातही असा उतार संभवतो, असे दाखविले.

पद्धतींचा विकास :
पीटर शॉयर यांनी १९५७ मध्ये स्रोत सुटे न मोजता नोंदीतील चढउतारांच्या वितरणावरून उतार काढण्याची पद्धत दिली. दुसरा दोष संचयी गणनेचा होता. प्रखर स्रोत पुढील प्रत्येक बिंदूत पुन्हा मोजला जात असल्याने आलेखातील बिंदू परस्परांपासून स्वतंत्र राहत नाहीत. त्यामुळे त्रुटी कमी भासते. जॉन्सी यांनी १९६७ मध्ये ही बाब निदर्शनास आणली. १९७० मध्ये क्रॉफर्ड, जॉन्सी व मर्डॉक यांनी महत्तम संभाव्यता पद्धतीने, गट न पाडता, उतार काढण्याची रीत मांडली.

निष्कर्ष :
१९६५ मध्ये सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी प्रारणाचा शोध प्रसिद्ध झाल्यावर बहुसंख्य वैज्ञानिक स्थिर स्थिती सिद्धान्तापासून दूर गेले. राईल यांचा मूळ निष्कर्ष टिकला. परंतु ज्या आकड्यांवर तो प्रथम उभा होता ते टिकले नाहीत. निष्कर्ष खरा ठरला म्हणून पुरावा निर्दोष ठरत नाही, हे या इतिहासाचे सार होय. प्रतिपक्षाच्या आक्षेपांमुळेच मोजणीची पद्धती काटेकोर झाली, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.